मैदान आणि मर्यादा : प्रस्तावना

राज्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला दप्तरे मिळतात, सनदा मिळतात, वसुलाचे ताळेबंद आणि निवाड्यांचे कागद मिळतात. खेळांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती मात्र असे फारसे काही लागत नाही, कारण गडी घरी परतले की खेळ संपतो, आणि कोण किती वेळ तगला, कोणी कोणाला कोणत्या हुलकावणीने चकवले, याची साक्ष द्यायला पाहणाऱ्यांच्या आठवणीपलीकडे काही उरत नाही. म्हणूनच ज्या दिवशी काही माणसे एकत्र बसून मैदानाची लांबीरुंदी ठरवतात, गड्यांची संख्या निश्चित करतात, बाद कोणाला म्हणावे याचा निर्णय शब्दांत बांधतात आणि तो निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी पाळण्याचे मान्य करतात, तो दिवस त्या खेळाच्या आयुष्यात विलक्षण महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत ग्रंथ अशा दिवसांविषयी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील देशी मैदानी खेळ नियमबद्ध कसे झाले, ते शाळा-महाविद्यालयांच्या आश्रयाने कसे वाढले, आणि ही घडामोड निजामी अंमलाखालील मराठवाड्याच्या पूर्व भागात, म्हणजे आजच्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत, उशिरा का होईना पण कोणत्या वाटांनी येऊन पोहोचली, याचा शोध त्यात घेतलेला आहे.

ज्या वाचकाने हे खेळ केवळ शाळेच्या पटांगणात पाहिले आहेत, त्याला प्रथम हे सांगणे अवश्य आहे की आज आपण ज्याला कबड्डी म्हणतो तो खेळ शंभर वर्षांपूर्वी एक नव्हता. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हाडुडू, तामिळ मुलखात सडुगुडु अशी त्याची नावे होती, आणि नावांइतकेच त्याचे आचारही भिन्न होते. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन परत येई. गामिनी प्रकारात मेलेला गडी साऱ्या संघाचा निकाल लागेपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात तो मैदान सोडतच नसे, केवळ गुण मोजला जाई. खो-खोमध्ये आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो, आणि बसलेल्या गड्याला मागून खो दिल्यावाचून त्याला दिशा पालटता येत नाही, ही रचना सर्वत्र समान असली तरी किती वेळ धावायचे आणि डाव कधी संपला म्हणायचे, हे त्या त्या गावाच्या रीतीवर अवलंबून असे. आट्यापाट्यांत तर आडव्या पाट्या किती आणि उभ्या सूरपाटीवर उभ्या राहिलेल्या गड्याचे हक्क कोणते, यावरून दोन गावांची अर्धी रात्र वादात जाई. सुगी आटोपल्यावर खळ्यात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात चांदण्यात रंगणाऱ्या या खेळांना त्या भिन्नतेने काही उणे आणले असे मी म्हणणार नाही. गावच्या आत ती रीत सर्वांना ठाऊक असे आणि तेवढे पुरेसे होते. अडचण उभी राहिली ती एका गावचा संघ दुसऱ्या गावी, एका शाळेचा संघ दुसऱ्या शाळेत जाऊ लागला तेव्हा.

हीच अडचण जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील महाविद्यालयांत, आपल्याआधी एक पिढी उद्भवली होती, आणि तिचे उत्तर शोधताना त्या लोकांना जे भोगावे लागले ते या ग्रंथाच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील पायांनी खेळायचा चेंडूचा खेळ नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढे सरकण्याचा तो खेळ आहे. १८६९ च्या ६ नोव्हेंबरला रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत जो सामना झाला त्यापासून या परंपरेचा आरंभ मानतात. परंतु तेव्हा प्रत्येक विद्यालयाचे नियम निराळे होते, इतके की १८७४ साली हार्वर्ड आणि कॅनडातील मॅकगिल यांचे विद्यार्थी एकत्र आले तेव्हा त्यांना एक सामना एका पक्षाच्या नियमांनी आणि दुसरा दुसऱ्या पक्षाच्या नियमांनी खेळावा लागला. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्प याने १८८० साली दोन्ही संघांमध्ये एक रेषा कल्पून चेंडू निर्विवादपणे एका पक्षाच्या ताब्यात देण्याची पद्धत रूढ केली, आणि दोन वर्षांनी तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकले नाही तर चेंडू गमवावा लागेल असा नियम आला. खेळाला आकार आला. पण त्याच नियमाने त्याला क्रौर्यही आले. पाच यार्ड मिळवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सर्व गड्यांनी एकमेकांना बिलगून, पाचरीच्या आकारात, प्रतिपक्षाच्या एका दुबळ्या गड्यावर तुटून पडणे, आणि १८९२ मध्ये हार्वर्डने ही पाचर धावत्या स्थितीत वापरून दाखवल्यावर तिचे अनुकरण सर्वत्र झाले. डोक्याला नीट संरक्षण नाही, पंच अपुरे, आणि ढिगाखाली काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही, अशा स्थितीत हातपाय मोडणे ही नित्याची गोष्ट झाली. १९०५ च्या हंगामात सुमारे अठरा तरुण प्राणांस मुकल्याच्या बातम्या वृत्तपत्रांनी छापल्या.

त्या हंगामाची हकीकत मला विशेष उद्बोधक वाटते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा स्वतःचा मुलगा त्या वर्षी हार्वर्डमध्ये हा खेळ खेळत होता. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी बोलावून खेळ सुधारा असे बजावले. ते कायदा करू शकले असते की नाही हा प्रश्न निराळा. त्यांनी केला नाही, आणि सुधारणेचा भार खेळणाऱ्या संस्थांवरच टाकला. कोलंबियाने खेळ बंदच केला; स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी त्याऐवजी रग्बी स्वीकारले; उरलेल्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन १९०६ साली एक आंतरमहाविद्यालयीन संघटना उभारली, जी १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते. १९०६ मध्येच चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि पाच यार्डांऐवजी दहा यार्डांची अट आली, जेणेकरून ढिगाऐवजी मोकळ्या जागेत धावणाऱ्या आणि नेमका चेंडू फेकणाऱ्या गड्याचे मोल वाढावे. १९१२ मध्ये तीनऐवजी चार प्रयत्न देण्यात आले. खेळाचा देह तोच राहिला, स्वभाव पालटला.

सरावाची पद्धतही याच काळात तेथे शास्त्राच्या पदवीला पोहोचली. मुख्य संघाने रोज दुपारी दुय्यम संघाशी प्रत्यक्ष झुंज घ्यायची, भुसा भरलेल्या टांगत्या पुतळ्यावर झेप घेऊन पकड पक्की करायची, निवडलेल्या गड्यांनी एका वेगळ्या पंक्तीत ठरलेला आहार घ्यायचा, सामना जवळ आला की सराव कुंपणाआड, परक्यांच्या नजरेपासून दूर करायचा, असा तो शिरस्ता होता. आपल्या तालमीत पहाटे जोर-बैठका-सपाट्या, मग हौद्यात लढती, मग वस्तादाने नेमून दिलेला दूध-बदामाचा खुराक, हा क्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या अमेरिकन शिस्तीत नवल वाटणार नाही. भेद एवढाच की आपल्याकडे ती शिस्त विद्यापीठाच्या भिंतीबाहेर, पेठेत आणि वेशीत वाढली, आणि म्हणून तिचे वृत्त कोणी लिहून ठेवले नाही.

अमेरिका आणि आपला देश यांना जोडणारा एक धागाही येथे सांगितला पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए शिक्षणसंस्थेत अमोस अलोन्झो स्टॅग याने १८९० च्या सुमारास फुटबॉल संघ उभा केला. त्या संघात खेळणाऱ्या जेम्स नायस्मिथ याने १८९१ च्या हिवाळ्यात तेथेच बास्केटबॉलची कल्पना काढली. आणि त्याच संस्थेत शिकलेल्या हॅरी क्रो बक याने १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय स्थापन केले, जेथे शिकलेले शिक्षक पुढे दक्षिण हिंदुस्थानभर पसरले. खेळ हा शिकवण्याचा विषय आहे, त्याला शिक्षक लागतो, त्या शिक्षकाला प्रशिक्षण लागते, ही दृष्टी ज्या वाटांनी आपल्याकडे आली त्यांपैकी ही एक.

दुसरी वाट पुण्याची. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम ठरवण्याचे काम हाती घेतले, आणि विलायती धर्तीच्या क्लबामध्ये देशी खेळाला प्रतिष्ठेचे आसन दिले. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या उदार आश्रयाखाली आणखी एक केंद्र उदयास आले: तेथील हिंदविजय जिमखान्याने मोठ्या स्पर्धा भरवून १९२३ साली हुतूतूचे नियम प्रसिद्ध केले, तेथेच जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकराव यांनी संघव्यायाम आणि देशी भाषेतील आज्ञा यांची परंपरा घातली, आणि तेथेच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले, ज्यांच्या तोडीचे काम हिंदुस्थानातील अन्य कोणत्या भाषेत झाले असेल असे मला वाटत नाही. वऱ्हाडात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून आखाड्याचे रूपांतर शिक्षणसंस्थेत केले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या प्रसंगी आपले खेळ व व्यायाम युरोपीय प्रेक्षकांपुढे मांडले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हुतूतू, खो-खो आणि आट्यापाट्या यांच्या नियमांना एकवाक्यता आणण्याचा जो उद्योग केला, त्यावर पुढील सारी इमारत उभी आहे. माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी मुंबई सरकारला शारीरिक शिक्षणासंबंधी दिलेला सल्ला आणि १९३८ मध्ये कांदिवलीला निघालेली प्रशिक्षणसंस्था, हा त्याचाच पुढचा टप्पा होय.

या संप्रदायांत एकमत होते असे समजण्याचे कारण नाही. पुणेकरांना स्पर्धा हवी होती. बडोदेकरांना शिस्त आणि सामुदायिक संचलन. अमरावतीकरांना शिक्षक तयार करणारी संस्था. आणि जुन्या तालमींच्या वस्तादांना यांपैकी काहीच नको होते, कारण त्यांच्या मते विद्या गुरूकडून शिष्याकडे जाते, छापील पुस्तिकेतून जात नाही. ग्रंथाचे संपादक या चौघांपैकी पहिल्या तिघांकडे झुकलेले आहेत हे वाचकाच्या लक्षात येईल. याबाबतीत माझा त्यांच्याशी मतभेद आहे आणि तो त्यांच्या संमतीनेच येथे नोंदवतो. तालमीला नियम नव्हता असे नाही. तिचा नियम वस्तादाच्या शब्दात होता, आणि कमरेखालची कोणती पकड वैध, पडलेल्या मल्लावर कोणता डाव करू नये, निकाली कुस्ती कशाला म्हणावे, याचे संकेत एका पेठेपुरते नसून कोल्हापूरपासून हैदराबादपर्यंत बव्हंशी समान होते. लिहिलेला नियम सर्वांना उपलब्ध असतो हे त्याचे मोठेपण मी मान्य करतो. पण न लिहिलेल्या नियमाला नियमच न मानणे हा अन्याय आहे, आणि मराठवाड्याच्या बाबतीत तर तो दुहेरी अन्याय होईल.

कारण मराठवाड्याची कथा येथूनच वेगळी होते. निजामी राज्याच्या औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांत, तसेच तेव्हा बीदर जिल्ह्यात मोडणाऱ्या उदगीर, निलंगा, अहमदपूर या तालुक्यांत, मराठी मुलांचे शिक्षण प्रामुख्याने उर्दू माध्यमातून होई. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेत निघाले, औरंगाबादेस त्याचे इंटरमीजिएट कॉलेज १९२३ मध्ये आले, पण नांदेडला किंवा लातूरला १९४८ पूर्वी महाविद्यालय नव्हते. ज्या वयात पुण्याचा विद्यार्थी जिमखान्यावर खो-खोच्या नियमांविषयी वाद घालीत होता, त्या वयात नांदेडचा विद्यार्थी मॅट्रिक होऊन कारकुनी शोधत होता किंवा बिऱ्हाड पाठीवर घेऊन हैदराबादची वाट धरीत होता. त्यातच सभा-संमेलनांवर निर्बंध घालणारी 'गश्ती निशाण ५३' आणि खासगी शाळा व आखाडे यांना लागणारी सरकारी परवानगी, यांमुळे चार तरुण नित्यनेमाने एका ठिकाणी जमून कसरत करतात ही गोष्टच तालुकदाराच्या आणि अमीनाच्या नजरेत खुपणारी होती. खेळाच्या नियमांसाठी सभा भरवायची तर आधी सभेलाच परवानगी हवी. मग नियम छापले कसे जावेत?

तरीही खेळ आला, आणि तो आला कसा याविषयी माझा एक तर्क आहे. पहिली वाट लोहमार्गाची. नांदेडला तो हैदराबादहून आला, विसावे शतक उजाडण्याच्या वेळी, गोदावरी खोऱ्यातून मनमाडकडे जाणाऱ्या मीटरगेज मार्गाने. लातूरला तो १९११ मध्ये आला, बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून, म्हणजे इंग्रजी मुलखातील बार्शी-कुर्डुवाडीकडून. या दोन शहरांच्या क्रीडारुचीत आजही जो फरक जाणवतो त्याचे एक मूळ मला या दोन दिशांत दिसते. नांदेडचे तोंड हैदराबादकडे होते, आणि हैदराबाद ही फुटबॉल, हॉकी व क्रिकेट यांची राजधानी होती. उस्मानिया विद्यापीठातूनच पुढे आलेले सय्यद अब्दुल रहीम १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे गुरू झाले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. नांदेडमध्ये श्री गुरु गोबिंदसिंघजी यांच्या नावाने चालणारी अखिल भारतीय हॉकी स्पर्धा, आणि सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात होला महल्ल्याच्या दिवसांत दिसणारी गतक्याची शस्त्रविद्या, यांनी त्या शहराला जी बहुरंगी क्रीडासंस्कृती दिली ती मराठवाड्यात अन्यत्र नाही. लातूरच्या अडत्यांचा, विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचा ओढा मात्र सोलापूर-पुण्याकडे. हुतूतू आणि खो-खोच्या छापील नियमपुस्तिका मालाच्या गाड्यांबरोबर बार्शीमार्गे याच बाजूने आल्या असाव्यात असे मानण्यास जागा आहे.

दुसरी वाट शाळांची. १९२१ साली निघालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात, जेथे पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ यांनी शिक्षक म्हणून आपल्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे वेचली, शरीराचे शिक्षण हे राष्ट्रीय शिक्षणाचे अंग मानले गेले. येथे मला अमेरिकेतील कार्लाइल या शाळेची आठवण होते. पेनसिल्व्हेनियातील ही शाळा १८७९ साली मूळ अमेरिकन जमातींच्या मुलांसाठी उघडली गेली, ती त्यांची भाषा आणि चालीरीती पुसून टाकण्याच्या हेतूने. पण त्याच मुलांनी विजेत्यांचा खेळ आत्मसात करून १९११ मध्ये हार्वर्डला १८ विरुद्ध १५ गुणांनी आणि १९१२ मध्ये लष्करी विद्यालयाच्या संघाला २७ विरुद्ध ६ गुणांनी हरवले. जिम थॉर्प हा त्यांचा अग्रणी. हिप्परग्याच्या शाळेचा हेतू कार्लाइलच्या अगदी उलट होता, भाषा राखण्याचा, परंपरा राखण्याचा. तरी पराधीन समाजातील मुलाला मैदानावर प्रथमच समान नियमांखाली उभे राहता येते आणि तेथे त्याची जात, त्याचा धर्म, त्याच्या बापाचा हुद्दा विचारला जात नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच मोलाचा होता.

तिसरी वाट जत्रांची आणि आखाड्यांची, आणि ती सर्वांत जुनी. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा आणि लातूरच्या सिद्धेश्वराची महाशिवरात्रीची यात्रा, येथील कुस्त्यांच्या फडांना राज्यकर्त्यांच्या परवानगीची कधी गरज पडली नाही, कारण देवाच्या यात्रेला अडवण्याचे धाडस अंमलदार सहसा करीत नसत. उदगीर-निलंग्याकडे आर्य समाजाचा जोर होता. उदगीरच्या भाई श्यामलाल यांना १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मरण आले, आणि त्यांच्या प्रेरणेने व्यायामाकडे वळलेली तरुणांची पिढी पुढे मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरील छावण्यांत दाखल झाली. या आखाड्यांच्या मातीतूनच निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार आले, ज्यांनी कोल्हापुरात विद्या पुरी करून १९६९ साली महाराष्ट्र केसरीची गदा मराठवाड्यात आणली. लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती महिनोन्‌महिने कसदार ठेवणाऱ्या काळ्या मातीच्या प्रदेशातील त्या अनाम वस्तादांचे ऋण या ग्रंथाने अधिक ठळकपणे मान्य करावयास हवे होते, हे मी पुन्हा सांगतो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अंमल संपल्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले, ज्याच्याशी विचारवंत नरहर कुरुंदकरांचे नाव कायमचे जोडले गेले. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस स्थापन झाले. लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ मध्ये आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आले १९९४ मध्ये. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तालुका-जिल्हा-विभाग अशी शालेय स्पर्धांची उतरंड, क्रीडाशिक्षकांची पदे, हे सर्व त्यामागोमाग आले, आणि पुण्या-बडोद्याने पन्नास वर्षांत केलेला प्रवास या भागाने एका पिढीत केला. तो प्रवास सुखाचा होता असे नाही. काळ्या मातीचे मैदान पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात. त्यावर मुरूम पसरवून, दबाई करून, चुना टाकून खो-खोचे चौरस आखण्यात कित्येक शिक्षकांची हयात गेली.

आजच हा ग्रंथ का, असे कोणी विचारील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. दोन्ही संघांचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. त्याआधी २०२० साली आपल्या शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. कबड्डी १९९० पासून आशियाई क्रीडास्पर्धांत आहे आणि २०१४ पासून व्यावसायिक साखळी सामन्यांमुळे घरोघर पोहोचली आहे. खेळ मातीवरून गादीवर गेला, सामन्याचा अवधी आखडला, चढाईला घड्याळ आले, निकालाला चित्रफितीची साक्ष आली. हे सर्व बदल करणारे लोक १९१४ आणि १९२३ च्या मंडळींचेच वारस आहेत. पण आपण कोणाचे वारस आहोत हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक आहे. जो नियम बदलतो त्याला तो नियम प्रथम कशासाठी केला होता हे ठाऊक असले पाहिजे. अमेरिकेने पाच यार्डांचा नियम केला तेव्हा त्यातून माणसे मरतील असे कोणाला वाटले नव्हते. आणि गादीवरच्या खो-खोमुळे ज्या खेड्यातील शाळेला गादी परवडत नाही तिची मुले मागे पडतील, हे आज आपणही पुरेसे मनावर घेत नाही.

दुसरे कारण मला अधिक जवळचे आहे. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे आज परीक्षांच्या यशासाठी देशभर ओळखली जातात. 'लातूर पॅटर्न' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षांच्या तयारीच्या पद्धतीने खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर आणि अभियंता होण्याची वाट दाखवली, हे फार मोठे कार्य आहे आणि त्याविषयी मला अभिमान आहे. परंतु दहावी-बारावीची वर्षे ही मैदानाच्या दृष्टीने सर्वांत कसदार वर्षे असतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत आमची मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत वर्गात बसतात. अमेरिकेतील विद्यापीठांनी खेळाला आपल्या आवारात इतके स्थान दिले की त्याचे प्रमाण सुटले, ही त्यांची चूक. आपण त्याला इतके थोडे स्थान देतो की तो आवाराबाहेर निघून जाईल, ही आपली.

ग्रंथाच्या मांडणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. संपादकांनी खेळाडूंची चरित्रे किंवा पदकांच्या याद्या देण्याचा मोह टाळला आहे. नियमपुस्तिका, शाळांच्या हजेरीपटांतील आणि अहवालांतील नोंदी, यात्रांची जाहिरातपत्रके, निवृत्त क्रीडाशिक्षकांनी तोंडी सांगितलेल्या हकीकती, ही त्यांची साधने आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी एकच प्रश्न विचारला आहे: हा नियम कोणी केला, आणि तो पाळण्याचे कोणी, का मान्य केले? एकाच प्रश्नाचा असा पाठपुरावा केल्याने काही गोष्टी सुटल्या आहेत; मुलींच्या खेळांना मिळालेली जागा मला अपुरी वाटते, आणि नांदेडच्या तेलुगू व उर्दू भाषक वस्त्यांतील खेळांकडे तर केवळ ओझरती दृष्टी गेली आहे. पण एका प्रश्नाची इतकी एकनिष्ठ साथ केलेला खेळांवरील दुसरा मराठी ग्रंथ माझ्या वाचनात नाही, आणि नव्या वाचकाला या क्षेत्रात प्रवेश करण्यासाठी यापेक्षा भरवशाचे दार मी सुचवू शकत नाही.

वाचकांना माझी एक विनंती आहे. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, कंधार, अहमदपूर, निलंगा या गावांतील कित्येक घरांच्या माळ्यांवर जुन्या शाळांची संघचित्रे, सामन्यांची पत्रके, तालमीच्या वह्या, निजामी काळातील परवानगीचे उर्दू कागद आजही पडून असतील. ते रद्दीत घालू नका. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या स्वाधीन करा, आणि ज्यांना उर्दू वाचता येते अशा वडीलधाऱ्यांकडून त्यांचा मजकूर लिहवून घ्या. या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीला त्या कागदांची गरज आहे.